ह्यांनी घेतलेला वसा

व्रतवैकल्यं करणाऱ्या घरात दोन गोष्टींचा साठा कधी संपत नाही. एक नारळांचा आणि दुसरा किश्श्यांचा. नारळांच्या निदान वड्या करता येतात. किस्से मात्र जितके वाटावेत तितके वाढतात!

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्याकडे आळीतल्या बायका हळदीकुंकवाला येतात. आरती होते, केळं-दुधाची वाटी हातात पडते, आणि कुणीतरी विचारतंच, "वहिनी, ह्यांचं नवीन काय?" एरवी चार बायका जमल्या की नवऱ्यांच्या गोष्टी निघतात आणि तक्रारीवर येऊन थांबतात. माझ्या तिथे थांबत नाहीत, म्हणून मला आग्रह होत असावा.

तर आमचे हे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी गोठवायची एक कंपनी आहे, तिथे हे कॉम्प्रेसर चालवतात. कोळंबी, म्हाकूळ, सुरमई असं जे काही परदेशी जातं ते ह्यांनी केलेल्या थंडीवर जातं. मशीनशी बोलायला बसले की ह्यांना जेवणाची आठवण राहत नाही. माणसांशी बोलायचं म्हटलं की मात्र ह्यांना जेवणाची, झोपेची, स्कूटरच्या सर्व्हिसिंगची, सगळ्याची आठवण होते!

*

ह्याची पहिली कल्पना आम्हाला बघण्याच्या कार्यक्रमातच आली होती.

राजापूरला आमच्या घरी मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला. ह्यांच्या मामांनी काजू, आंबा, पाऊसपाणी, एसटीच्या गाड्या, सगळे विषय एकट्याने संपवले. हे गप्प. माझ्याकडे बघत होते की नाही तेही मला ठाऊक नाही, कारण मी खाली बघत होते. शेवटी माझे वडील म्हणाले, "तुम्हाला मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा हो. संकोच नको."

ह्यांनी घसा साफ केला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सगळे कान देऊन बसले.

"तुमच्या फ्रिजचा आवाज बरा नाही."

मामांनी कपाळाला हात लावला. हे तोवर उठून आतसुद्धा गेले होते. फ्रिज जरासा पुढे ओढला, मागे कान लावला, मग अंगणातून चिऱ्याची एक कपची आणली आणि एका पायाखाली सरकवली. घरघर थांबली. आमचं घर इतकं शांत असू शकतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, मुलगा फारच अबोल आहे, हिचं कसं व्हायचं. वडील म्हणाले, "एकच वाक्य बोलला, पण खरं बोलला. अशा माणसाला मुलगी द्यावी."

त्यानंतर माहेरी दोनदा फ्रिज बदलला. चिऱ्याची कपची तीच आहे.

*

श्रावणात आमच्या घरात मासळी येत नाही. दिवसभर मासळीत वावरून हेही महिनाभर खात नाहीत, आणि त्याचा कधी डांगोरा पिटत नाहीत. कंपनीतून आले की मागल्या दाराशी धुण्याच्या पाथरीवर आंघोळ, मग घरात. तरी आळीतली मांजरं संध्याकाळी वळणावर येऊन बसतात आणि ह्यांच्या स्कूटरमागून मिरवणुकीने दारापर्यंत येतात.

एका श्रावणी सोमवारी कंपनीचा मोठा माल वेळेवर रवाना झाला आणि मॅनेजरसाहेब खूश झाले. साहेब मूळचे केरळचे. त्यांना आपला श्रावण काय ठाऊक! त्यांनी कौतुकाने ह्यांच्या हातात एक अख्खी सुरमई ठेवली. "साहेब, आमचा श्रावण आहे" एवढं चार शब्दांचं काम होतं. पण त्यासाठी तोंड उघडावं लागतं.

ह्यांनी सुरमई घेतली, बर्फात घातली, पिशवी स्कूटरला अडकवली आणि घरी यायच्याऐवजी थेट मिरकरवाडा गाठला. तिथे शेवंतामावशी राहतात. कंपनीत कोळंबी सोलणाऱ्या बायकांवर त्यांची देखरेख असते. घरी नवरा, मुलगे, पुतणे सगळे मासेमारीत. दारातून बंदर दिसतं, आणि बंदरात त्यांच्या स्वतःच्या घरचा ट्रॉलर.

ह्यांनी पिशवी पुढे केली आणि म्हणाले, "घ्या."

मावशींनी पिशवीत बघितलं, मग बंदराकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं.

"भाऊ, आता हितनं मीठ घेऊन जावा, आनि जाताजाता समुद्रात टाका!"

*

हसण्यावारी नेलं तरी ह्या न बोलण्याची एक दुखरी बाजू होती, ती सांगते.

ह्यांच्या कंपनीत कॉम्प्रेसरच्या पाइपांतून अमोनिया नावाचा वायू फिरतो. पाइपात आहे तोवर तो थंडी देतो. बाहेर आला की डोळे आणि घसा जाळतो. म्हणून तो गळाला तर कुणी काय करायचं, हे शिफ्ट इन्चार्जने दर महिन्याला सगळ्या कामगारांसमोर उभं राहून सांगायचं असतं. इन्चार्जचं बाकीचं सगळं काम हे कधीपासून करतच होते. मशीनच्या नुसत्या आवाजावरून ह्यांना दुखणं कळतं. पण जागा रिकामी झाली की प्रश्न तोच यायचा, की हा माणूस चारचौघांत बोलणार कसा?

मागे एकदा साहेबांनी संधी दिली होती. सगळे कामगार जमले. ह्यांच्या हातात माइक आला. हे "नमस्कार" म्हणाले. माइक खरखरला. ह्यांनी तो कानाशी धरला, हलवून बघितला, मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून खालीच बसले. सगळे वाट बघतायत आणि हे मांडी घालून माइक उघडतायत! दुरुस्त झाला तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं म्हणे, की जणू भाषण झालं. उठले आणि माइक शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला. तो कोल्हापूरकडचा. तो अर्धा तास बोलला, आणि तोच इन्चार्ज झाला.

हे घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "माइक आता छान चालतो."

त्या दिवशी ताकाची कढी जास्तच केली होती, ती सगळी ह्यांना वाढली.

*

गेल्या पाडव्याला आमची मुलगी मुग्धा गुढीसमोर वेगळंच काहीतरी घेऊन बसली. ती बी.एस्सी.ला आहे. कॉलेजात त्यांना कुणीतरी शिकवलं, की प्रत्येकाने वर्षाचा एक 'गोल' ठरवावा आणि तो चारजणांत बोलून दाखवावा. तिने स्वतःचा सांगितला, मग ह्यांच्याकडे वळली. "बाबा, तुमचा?"

मला वाटलं, हे म्हणतील स्कूटर बदलायची. हे कडुनिंबाची चटणी चावत राहिले. मग म्हणाले, "चार माणसांत उभं राहून बोलायचं."

चटणीत भलतंच काही पडलं की काय म्हणून मी वाटी हुंगून बघितली. मग कळलं, की तो कोल्हापूरकडचा इन्चार्ज दिवाळीला बदली होऊन जाणार होता. जागा पुन्हा रिकामी होणार होती.

मुग्धा मोबाइलमध्ये व्हिडिओ शोधायला लागली. आरशासमोर उभे राहा, खोल श्वास घ्या, वगैरे. मी तिला म्हटलं, बाई गं, तुम्ही ज्याला गोल म्हणता त्याला आम्ही संकल्प म्हणतो. आणि संकल्प नुसता सोडून भागत नाही. त्याला नियम लागतो, काळ लागतो, आणि शेवटी उद्यापन लागतं. "तू व्हिडिओ बघ. ह्यांचं व्रत मी बसवते."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "उपास नको. बाकी काहीही सांग."

*

श्रावणात प्रत्येक वाराची कहाणी असते. सोमवारची वेगळी, शुक्रवारची वेगळी. एकीने वाचायची, बाकीच्यांनी हातात अक्षता घेऊन ऐकायची, आणि कहाणी संपली की अक्षता देवाला वाहायच्या. आमच्याकडे ती मी वाचते. ह्या श्रावणात मी ठरवलं, कहाणी हे वाचतील.

बायकांत बसून पुरुषाने कहाणी वाचायची म्हटल्यावर ह्यांना घाम फुटला. मी म्हटलं, समोर येऊ नका, स्वयंपाकघराच्या दाराआड बसून वाचा. तेवढं त्यांना पटलं.

पहिल्या सोमवारी बायका आल्या, मी हातात अक्षता दिल्या, आणि दाराआडून आवाज आला, "आटपाट नगर होतं..." आवाज बारीक, पण स्पष्ट. कुठे अडखळले नाहीत. मला इतकं भरून आलं, की समईत तेल घालायचं होतं ते तसंच राहिलं.

शेजारच्या काकू माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "वहिनी, रेडिओ जरा मोठा करा हो."

मी आत ओरडून सांगितलं, "अहो, काकू मोठा करायला सांगतायत!" रेडिओ मोठा झाला.

मग मी दर वारी ह्यांचा पाट वीतभर पुढे सरकवत गेले. दाराआडून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून भिंतीशी, भिंतीपासून देवघरासमोर. पाट सरकतोय हे ह्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत होतं. उद्यापनाच्या दिवशी म्हणाले, "आणखी पुढे नको सरकवू. पुढे देवच आहे."

*

त्याच श्रावणातला आणखी एक.

शुक्रवार होता. कहाणी ऐन रंगात आलेली. राणी विचारत होती की बाई बाई, हा कसला वसा वसतेस, आणि आतून फ्रिज घरघरायला लागला. ह्यांचा कान तो! पण आता वाचनही थांबवता येईना. मग ह्यांनी त्याच सुरात वाचलं, "बाई बाई, हा कसला वसा वसतेस, फ्रिजचं दार नीट लागलेलं नाही कुणीतरी लावा, तेव्हा ती म्हणाली..."

एकजण उठली, दार लावून आली. पुन्हा हातात अक्षता घेऊन बसली. कहाणी पुढे गेली. कुणी हसलंसुद्धा नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कहाणी त्या ठिकाणी आली, की एकजण उठते आणि फ्रिजचं दार बघून येते. काकूंच्या नव्या सुनेने विचारलं, हे कशासाठी? काकू म्हणाल्या, "ह्यांच्या घरची पद्धत आहे. विचारू नये."

*

दिवाळीनंतर कंपनीत स्नेहसंमेलन झालं. कुटुंबांना बोलावलं होतं. त्याआधी मी भैरीच्या देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून आले. "देवा, ह्यांचं तोंड उघडू दे. ज्या दिवशी हे कंपनीत सगळ्यांसमोर उभं राहून शिकवतील, त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी माझं मिटून ठेवीन."

घरी सांगितलं तर मुग्धा म्हणाली, "आई, तू? दिवसभर?"

हे म्हणाले, "मग तर मला बोललंच पाहिजे."

असो. स्नेहसंमेलनात खेळ झाले, गाणी झाली, आणि मग जोडप्यांना उखाण्यासाठी पुढे बोलवायला लागले. बायकांनी घेतले. मग शेवंतामावशींनी टूम काढली, की आता पुरुषांनी घ्यावेत. ह्यांचं नाव पुकारलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "माइक बिघडलाय काय?" सगळे हसले. मला ते हसणं लागलं. पण ह्यांनी माइक घेतला. कानाशी नेला.

मग तोंडाशी आणला.

"कॉम्प्रेसरला लागतं ऑइल, स्कूटरला पेट्रोल,
सुनंदाच्या हाती दिला संसाराचा कंट्रोल!"

मग शेवंतामावशी पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगो बाय, भाऊंना आवाज हाय!" पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर साहेब आमच्याजवळ आले. त्यांना मराठी आता बरंच कळतं. मला नमस्कार करून ह्यांना म्हणाले, येत्या महिन्याचं अमोनियाचं ट्रेनिंग तुम्ही घ्या. नीट झालं तर पुढेही तुम्हीच.

परतताना स्कूटरवर मी विचारलं, उखाणा कधी रचलात? हे म्हणाले, "लग्नातच. तेव्हा कुणी घ्यायला सांगितला नाही."

*

आता शेवटचा. ह्यांनी मला सांगितला तसाच सांगते.

ट्रेनिंगचा दिवस नेमका मार्गशीर्षातला गुरुवार निघाला. मी बोलल्याप्रमाणे सकाळपासून मौन धरलं होतं. ह्यांचा डबा हातात दिला, देवासमोर हात जोडायची खूण केली. मुग्धाने ट्रेनिंगचे मुद्दे ह्यांच्या मोबाइलमध्ये मोठ्या अक्षरांत टाइप करून दिले होते. हे गेले. मी घट मांडला, पूजा केली, आणि दिवसभर पातेली आपटल्याशिवाय मला कुणाला काही सांगता येत नव्हतं.

ऊन उतरायच्या आतच हे परत आले. एरवी मी विचारते, आणि मग हे एकेक शब्द देतात. त्या दिवशी विचारणारं कुणी नव्हतं. मी संध्याकाळच्या हळदीकुंकवासाठी तांदळाला कुंकू लावत बसले होते. हे आंघोळ करून आले, माझ्यासमोर पाट घेऊन बसले आणि आपणहून सुरू झाले.

मासळी उतरवून घेतात त्या शेडमध्ये सगळे जमले होते. उपड्या क्रेटवर बायका ओळीने बसलेल्या, मागे पुरुष, एका बाजूला साहेब. हे उभे राहिले. मोबाइल काढला तर समोरची अक्षरं पोहायला लागली. एकही मुद्दा वाचता येईना. मागून कुणीतरी खोकलं. हे म्हणाले, "मला वाटलं, आता पुन्हा माइक उघडून बसावं लागणार."

मग ह्यांनी समोर बघितलं. बायका, ओळीने, गप्प, ह्यांच्या तोंडाकडे बघत. थेट आमच्या देवघरासमोरच्यासारख्या. आणि तोंड आपोआप बोलून गेलं.

"ऐका अमोनियाबाई तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. तिथे एक कंपनी होती. कंपनीत एक कॉम्प्रेसर होता. त्याच्या पाइपात अमोनिया नावाची एक राणी राहत होती..."

कुणीतरी हसेल असं ह्यांना वाटलं. पण शेवंतामावशींचा हात शेजारच्या क्रेटकडे गेला. कहाणी ऐकायची तर हात रिकामा कसा ठेवायचा? क्रेटमध्ये मासळीवर घालायचा बर्फाचा चुरा होता. त्यांनी चिमूटभर घेतला आणि मूठ मिटली. मग शेजारणीने घेतला. मग तिच्या शेजारणीने. आयुष्यात कधी कहाणी न ऐकलेल्या रेहानाभाभींनीही घेतला. अख्खी ओळ हातात बर्फ घेऊन कहाणी ऐकायला बसली!

ह्यांना जोर आला. राणी कामाची, पण रागाची. बंद पाइपात असली की मासळीचं सोनं करायची, बाहेर आली की डोळे जाळायची. एके दिवशी काय झालं...

एके दिवशी काय झालं ते सांगायच्या आत ह्यांच्या नाकाला वास लागला. खरा. कॉम्प्रेसरच्या प्लांटरूमच्या आतल्या दारातून.

बायकांनाही आला, पण एकीही हलली नाही. त्यांना वाटलं, भाऊंनी कहाणीसाठी मुद्दाम थोडा सोडलाय.

मी तांदळाला कुंकू लावायची थांबले. ओरडला असता कुणी तिथे, तर चेंगराचेंगरी झाली असती. ती शेड केवढी, दार केवढं. पण ह्यांना ओरडता कुठे येतं? हे त्याच सुरात, जरासुद्धा न घाई करता, पुढे सांगत राहिले.

"...एके दिवशी राणी खरोखरच रागावली. पाइपातून बाहेर आली. मग बायांनी काय केलं? बायांनी आरडाओरडा केला नाही. खांद्यावरचा टॉवेल नळावर ओला केला. नाकाला लावला..."

एकेक ओळ उठली. नळ सुटला. टॉवेल ओले झाले.

"...वारा समुद्राकडून होता. वाऱ्याला पाठ दाखवली तर राणी मागे लागते. म्हणून बायांनी वाऱ्याला तोंड दिलं. धावल्या नाहीत. डब्यासाठी, चपलांसाठी कुणी मागे वळलं नाही. पश्चिमेच्या गेटाकडे चालायला लागल्या..."

चालायला लागल्या. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ह्यांचा आवाज चालू होता. मग ह्यांनी मास्क चढवला, जोडीदाराला घेतलं आणि आत गेले. एका व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या फटीतून, थोडासा वायू गळत होता. तो बंद केला, हवा मोकळी होऊ दिली, आणि बाहेर आले.

गेटाजवळ काजूच्या झाडाखाली सगळे होते. पुन्हा ओळीने बसलेले. कुणाला ठसका नाही, कुणाला चक्कर नाही. एका हातात ओला टॉवेल, दुसरी मूठ तशीच मिटलेली. हे म्हणाले, झालं आता, आत चला, काळजीचं काही नाही.

कुणी उठेना.

शेवंतामावशी म्हणाल्या, "भाऊ, पुरी करा. कहाणी अर्धी ठेवू नये."

हे तिथेच काजूखाली उभे राहिले आणि पुरी केली. राणी परत पाइपात गेली, बायांच्या लेकराबाळांना त्यांच्या आया घरी परत मिळाल्या. "उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. जशी राणी आज पाइपात परत गेली, तशी सदा पाइपातच राहो. सुफळ संपूर्ण."

बायकांनी मुठी उघडल्या. नुसतं पाणी. ते त्यांनी काजूच्या मुळाशी सोडलं. साहेब शेवटच्या ओळीत उभे होते, त्यांनीही वाकून मूठ उघडली. त्यातूनही पाणीच पडलं.

मग ह्यांच्याजवळ येऊन साहेबांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात कुठली कहाणी?"

एवढं सांगून हे थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना सलग इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. अजून दिवेलागण व्हायची होती. हे माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

माझी मूठ केव्हापासून मिटली होती ते माझं मलाच कळलं नव्हतं. मी उठले. देवघराकडे न जाता ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि मुठीतल्या अक्षता ह्यांच्या डोक्यावर टाकल्या.

"अगं," हे म्हणाले, "हे काय?"

माझं मौन होतं.